ई-पुस्तकाला कुलूप कोण लावतं, आणि भाव कोण ठरवतं?

प्रश्न : बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीजवळच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी विचारलंय. सहा वर्षांत त्यांनी एका मराठी ॲपवरून ४३ ई-पुस्तकं विकत घेतली. गेल्या पावसाळ्यात फोन भिजला, नव्या फोनात नवा नंबर आला, आणि ॲप ओटीपी पाठवतंय जुन्या नंबरवर. त्यामुळं पुस्तकं उघडत नाहीत. मुलगी जर्मनीत असते. आईनं इथं ९९ रुपयांना घेतलेलं पुस्तक तिला तिकडं किंडलवर जवळजवळ तिप्पट भावानं पडतं. धाकटा म्हणतो, "कुलूपच फोडून देतो की, कशाला काळजी करतीस?" बाईंचे प्रश्न तीन : पैसे देऊन पुस्तक माझं का नाही? लेकीला वेगळा भाव का? आणि धाकटा म्हणतो तसं केलं तर गुन्हा होतो काय?

उत्तर :

बाई, बाकीचं सगळं नंतर. आधी जुन्या नंबरचं बघा. तो नंबर तुमच्याच नावावर असेल आणि अजून बंद झाला नसेल, तर आधार घेऊन सिम कंपनीच्या दुकानात जा. त्याच नंबरचं दुसरं सिम मिळतं. बंद झाला असला तरी असा नंबर किमान ९० दिवस दुसऱ्या कुणाला देता येत नाही, म्हणजे थोडी सवड असू शकते. सिम मिळालं की ॲपमध्ये शिरून पहिलं काम नंबर बदलायचं, दुसरं ई-मेल जोडायचं. आणि मेलमध्ये त्या ४३ खरेदींच्या पावत्या शोधून एका जागी ठेवा. पावत्या का, ते पुढं येईल.

आता तुमचे प्रश्न. मी बेळगावात पंचवीसेक वर्षं डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायचं काम, करतोय. पानं लावायच्या पेजमेकरवर आणि श्रीलिपीच्या मराठी फॉन्टवर हात बसला, आणि २०१६ च्या अखेरीस किंडलवर पाच भारतीय भाषा आल्या तेव्हापासून ई-पुस्तकंही बांधतो. हिंदी, तमिळ, मराठी, गुजराती आणि मल्याळम, अशा त्या पाच. कन्नड त्यांत नव्हती. मराठीला मिळालं आणि कन्नडला नाही, असं आमच्या गावात क्वचितच घडतं. शेजारच्या कन्नड डीटीपीवाल्यानं त्या दिवशी माझ्याकडून चहा वसूल केला.

ओळख एवढ्यासाठी करून दिली की तुम्ही ज्याला 'कंपनीचं कुलूप' म्हणताय, ते लावणारा माणूस बहुतेक वेळा माझ्यासारखा असतो. पुस्तक दुकानात चढवताना एक फॉर्म भरावा लागतो. पुस्तकाचं नाव, लेखक, मुखपृष्ठ झालं की तीन गोष्टी विचारतात : कुठल्या देशांत विकायचे हक्क तुमच्याकडं आहेत, डीआरएम, म्हणजे नक्कल रोखणारं कुलूप, हवं की नको, आणि भाव किती. डीआरएमच्या पुढं दोन बारीक गोल असतात, 'हो' आणि 'नाही'. लेखक माझ्या शेजारी स्टुलावर बसलेला असतो. मी विचारतो, "संरक्षण लावू काय?" संरक्षणाला नको कोण म्हणतंय? "लावा की!" झालं. वर्षभर खपून लिहिलेल्या पुस्तकाचं पुढचं सगळं आयुष्य त्या टिचकीवर ठरतं, आणि आम्ही दोघं तोवर चहा मागवलेला असतो.

हे मी स्वतः केलंय. २०१७ मध्ये निपाणीकडच्या एका कवींचा संग्रह मी असाच न विचारता कुलूपबंद करून चढवला. दोन वर्षांनी माझी हार्ड डिस्क गेली, त्यांचा संगणक त्याआधीच गेला होता. मूळ फाइल दोघांकडंही नाही. कवींनी स्वतःचाच संग्रह पैसे भरून विकत घेतला, की त्यातून मजकूर तरी काढता येईल. कसला येतोय! एकेक कविता पडद्यावर बघून हातानं पुन्हा टाइप केली. ८८ पानं. तेव्हापासून त्या गोलाजवळ माझं बोट थांबतं.

कुलूप चालतं कसं ते थोडक्यात सांगतो. ई-पुस्तक म्हणजे ईपबसारखी फाइल, आणि ईपब म्हणजे खरं तर एक झिप. आत प्रकरणांची वेब पानं, चित्रं आणि अनुक्रमणिका बांधून ठेवलेली असते. कुलूप लावताना आतली पानं सांकेतिक करतात. ती उलगडायची किल्ली दुसऱ्या एका डबीत, आणि त्या डबीची किल्ली तुमच्या खात्याकडं, म्हणजे दुकानदाराच्या सर्व्हरवर. पुस्तक तुमच्या फोनात असतं हे खरंच आहे, पण तुमच्याकडं असते ती पेटी. किल्ली बऱ्याच ॲपना अधूनमधून पुन्हा मागून आणावी लागते. जांबोटी, कणकुंबीकडं रेंजचे हाल तुम्हाला मी सांगायला नकोत. कादंबरीच्या ऐन मध्यात 'इंटरनेट जोडणी तपासा' दिसतं, ते बऱ्याचदा ह्या किल्लीच्या फेऱ्यामुळं. नंबर बदलला तेव्हा तुमची पुस्तकं पुसली गेली नाहीत. किल्ली देणाऱ्यानं तुम्हाला ओळखायचं बंद केलं.

दुकान बंद झालं तर काय होतं, हेही घडून गेलंय. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान गुंडाळलं आणि त्याच वर्षी जुलैत लोकांची विकत घेतलेली पुस्तकं उघडायची बंद झाली. पैसे परत दिले, पण पुस्तकं गेली. त्याआधी २००९ च्या जुलैत ॲमेझॉननं जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं लोकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती, कारण विकणाऱ्याकडं हक्कच नव्हते. हे मी एकदा आमच्या आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "दुकान मिटलं म्हणून घरातलं भांडं कोण उचलून नेतंय काय?" तिला परवाना आणि मालकी यांतला फरक समजावायला मला जमलं नाही. तुम्हाला एका वाक्यात सांगतो : 'विकत घ्या' ह्या बटणामागच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की तुम्ही पुस्तक घेत नाही, वाचायचा परवाना घेताय. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की हे गिऱ्हाइकाला खरेदीच्या वेळी स्पष्ट सांगितलं पाहिजे. आपल्याकडं अजून बारीक अक्षरंच वाचावी लागतात.

किंडलवर पूर्वी एक पळवाट होती. पुस्तक संगणकावर उतरवून घेऊन तारेनं यंत्रात टाकता यायचं, म्हणजे निदान फाइल तरी हाताशी राहायची. २६ फेब्रुवारी २०२५ ला ती सोय काढून टाकली.

लेखक मला विचारतात, कुलूप नाही लावलं तर चोरी होणार नाही काय? माझं मत रोखठोक आहे : मराठीत चोरी ई-पुस्तकाची होत नाही, छापील पुस्तकाची होते. व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ उघडून बघा. पानाच्या कोपऱ्यात धरणाऱ्याचा अंगठा दिसतो, मधल्या शिवणीत अक्षरं वाकलेली असतात, आणि सतराव्या की एकविसाव्या पानावर कुठल्यातरी वाचनालयाचा निळा शिक्का असतो. ही चोरी डीआरएमनं कशी थांबणार? कुलूप ई-पुस्तकाच्या दाराला आणि चोर छापखान्याच्या खिडकीतून आत. अडतो तो पैसे भरणारा वाचक, आणि मोतीबिंदूनंतर पुस्तक मोबाइलकडून मोठ्यानं वाचून घेणारा वाचक. बऱ्याच बंद ॲपमधून मजकूर उचलून वाचून दाखवायची सोय चालतच नाही.

सौम्य कुलपंही आहेत. पानाच्या तळाशी खरेदीदाराचं नाव छापून देतात, म्हणजे फाइल मोकळी, पण फिरवली तर तुमचं नाव फिरतं. मी आता लेखकांना हेच सुचवतो. रीडियमचं एलसीपी म्हणून एक आहे, त्यात एक परवलीचा शब्द टाकून पुस्तक वाचायच्या वेगवेगळ्या ॲपमध्ये उघडता येतं. टॉर ह्या मोठ्या इंग्रजी प्रकाशनानं तर २०१२ मध्येच आपल्या ई-पुस्तकांवरचं डीआरएम काढून टाकलं, आणि ते अजून धंद्यात आहेत.

आता भाव. सीमाभागातला वाचक मला हमखास विचारतो, आपण कर्नाटकात म्हणून मराठी पुस्तक महाग देतात काय? नाही. ई-पुस्तकाला बेळगाव आणि सीमेपलीकडची शिनोळी यांतला फरक कळत नाही. संपूर्ण भारताला एकच रुपयातला भाव असतो, आणि जीएसटीही इकडं तिकडं सारखाच. मात्र छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आणि त्याच पुस्तकाच्या ई-आवृत्तीवर ५ टक्के. जुलै २०१८ पर्यंत तो १८ होता. आणि जे पुस्तक छापलंच नाही, फक्त ई-पुस्तक म्हणून आलं, त्यावर अजूनही १८. म्हणजे ज्या नव्या लेखकाला छपाईचा खर्च परवडत नाही, त्याच्याच वाचकाला जास्त कर. याचं समर्थन अजून मला कुणी समजावलेलं नाही.

ई-पुस्तकाची सीमा राज्याची नाही, देशाची. आणि लेकीचा भाव जिथून आला ते गणित असं. ॲमेझॉनच्या स्वयंप्रकाशनात, म्हणजे केडीपीत, लेखकाला दोन दरांनी मानधन मिळतं : ३५ टक्के किंवा ७० टक्के. डॉलरच्या दुकानात ७० हवे असतील तर भाव २.९९ ते ९.९९ डॉलरच्या आत ठेवावा लागतो. ९९ रुपये म्हणजे सव्वा डॉलरसुद्धा नाही. तेवढाच ठेवला तर मानधन ३५ वर घसरतं. त्यामुळं लेखक डोळे झाकून २.९९ टाकतो, युरोचा आकडा त्यावरून आपोआप निघतो, आणि जर्मनीत ग्राहकाच्या भावात तिथला ७ टक्के कर धरलेला असतो. झाले तिप्पट. यात कुणी तुमच्या लेकीला लुबाडलं नाही. लेखकानं तो युरोचा रकाना कधी उघडूनच बघितला नाही, एवढंच. तो रकाना हातानं बदलता येतो.

याला आणखी एक फाटा आहे, तो मराठीपुरता, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. जुनी पुस्तकं श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये बसवलेली आहेत. ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, आणताना रफार सरकतो, 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' होतो, जोडाक्षरं फुटतात, आणि सगळं पुस्तक पुन्हा तपासावं लागतं. तीनशे पानांची तपासणी म्हणजे तपासनिसाचे पैसे आणि महिनाभर. प्रकाशक कंटाळून पानांची चित्रंच काढून चढवतात. मजकुराची कादंबरी एक एमबीतही बसते. चित्रांची तीच कादंबरी बारा-पंधरा एमबी होते. ३५ टक्क्यांच्या दरातसुद्धा १० एमबीच्या वरचं पुस्तक डॉलरच्या दुकानात २.९९ च्या खाली ठेवताच येत नाही. भारतात ७० टक्क्यांचा दर घेतला तर दर एमबीला ७ रुपये पोचवणावळ कापतात. पाच एमबीचं ९९ रुपयांचं पुस्तक घ्या : ३५ रुपये पोचवण्यात गेले, उरलेल्या ६४ चे ७० टक्के, म्हणजे ४४ रुपये ८० पैसे लेखकाला. मग तो भाव वाढवतो. तिकडं स्टुटगार्टमध्ये बसलेली वाचक वैतागते, आणि तिच्या वैतागाचं मूळ असतं बेळगावातल्या किंवा पुण्यातल्या एका डीटीपीच्या दुकानात पंचवीस वर्षांपूर्वी निवडलेल्या फॉन्टमध्ये. त्यातलं थोडं पाप माझंही आहे.

'हे पुस्तक फक्त किंडलवरच का, दुसऱ्या ॲपवर का नाही?' हाही प्रश्न येतो. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये घालावं लागतं, आणि सिलेक्टमध्ये घातलं की ९० दिवस ई-पुस्तक दुसरीकडं कुठंही विकता येत नाही. मुदत संपली की आपोआप पुढं चालू राहते, लेखकानं थांबवली नाही तर. बरेच लेखक ह्या फेऱ्यात वर्षानुवर्षं आहेत आणि त्यांना ते माहीतही नाही. अनुवादांचं वेगळंच : प्रकाशकाकडं मराठी छापील हक्क असतात, ई-पुस्तकाचे नसतात, म्हणून ते कुठंच दिसत नाही.

कुटुंबात वाटून घ्यायच्या सोयींचा तुमच्या घराला उपयोग नाही; त्यांत सगळं कुटुंब एकाच देशात राहणारं लागतं. लेकीनं भारतातलं खातं दाखवून इथल्या भावानं घ्यावं काय? गूगल प्लेचा देश वर्षातून एकदाच बदलता येतो, आणि बदलला की आधीची शिल्लक त्या देशात अडकते. किंडलचा खोटा पत्ता देऊ नका. खातं गोठलं तर तुमच्या अडकलेल्या ४३ मध्ये लेकीच्या पुस्तकांची भर पडेल.

धाकट्याचं म्हणणं. वकील मी नाही, पण हे कलम मला पाठ आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५ए कलम आलं. त्यात हक्कभंग करायच्या हेतूनं कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. 'हेतूनं' हा शब्द महत्त्वाचा. कायद्यानं स्पष्ट मनाई न केलेल्या कामासाठी तोडलं तर हे कलम आड येत नाही, असंही त्यातच लिहिलंय. स्वतःच्या वाचनापुरता वापर आपल्या कायद्यात रास्त मानलाय, दृष्टिहीनांसाठी सुलभ प्रत करायलाही वेगळी सवलत आहे. पण एक गंमत बघा : दुसऱ्याला कुलूप काढायला जो मदत करतो, त्यानं त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवली पाहिजे. म्हणजे धाकट्यानं तुम्हाला मदत केली तर आपल्या आईचं नाव, पत्ता आणि 'कशासाठी' हे वहीत लिहून ठेवायचं! शिवाय ॲपच्या अटी वेगळ्या; त्या मोडल्या तर खातं बंद करायला त्यांना कारण मिळतं. आणि मोकळी झालेली फाइल लेकीला पाठवू नका. तिथं मामला 'स्वतःच्या वाचनापुरता' राहत नाही, आणि जर्मनीचा कायदा ह्या बाबतीत आपल्यापेक्षा कडक आहे. कसं फोडायचं ते मी सांगणार नाही. तुमच्या बाबतीत त्याची गरजही पडू नये.

कारण तुमची तक्रार कुलपाची नाहीच. पैसे घेऊन सेवा अडवल्याची आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक विक्रेत्याला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्यानं ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. ॲपच्या तळाशी त्याचा ई-मेल असतो. त्याला पावत्या जोडून लिहा : जुना नंबर, नवा नंबर, खरेदीच्या तारखा, आणि 'खातं नव्या नंबरवर वर्ग करा, नाहीतर पूर्ण रक्कम परत द्या.' सिमची वाट बघत बसू नका, आजच पाठवा. नाही हलले तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. त्यानंही नाही झालं तर ग्राहक आयोग. इथं आपल्या भागातल्या लोकांचा एक गैरसमज आहे की विक्रेता महाराष्ट्रातला म्हणजे पुण्या-मुंबईला खेपा. २०१९ च्या कायद्यानं ग्राहक जिथं राहतो तिथंच तक्रार घेतात. तुमची बेळगावच्या जिल्हा आयोगात चालेल, आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही.

पुढच्या खरेदीपुरतं : ज्या पुस्तकाची मोकळी ईपब मिळते ते बिनधास्त विकत घ्या आणि फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. जे फक्त ॲपमध्येच उघडतं, त्याला मी वाचनालयाची वर्गणी समजून पैसे देतो, ५०-६० रुपयांवर जात नाही. पुन्हापुन्हा वाचावंसं वाटणारं पुस्तक कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या संमेलनांत स्टॉलवरून कागदावर घेतो. मराठी विश्वकोश आणि साहित्य संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, तुम्ही कुठल्या राज्यात राहता हे कुणी विचारत नाही. आणि लेखक जाऊन ६० वर्षं झाली की पुस्तक सगळ्यांचं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं आहे. लेक ते जर्मनीतून वाचू शकते का, याला तिथला कायदा लागतो, पण तिथली मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं धरली तरी गुरुजींची तीही उलटली.

लेकीच्या भावाचं मात्र लेखकालाच लिहा. दोन ओळी पुरतात : 'तुमच्या पुस्तकाचा युरोतला भाव आपोआप ठरलाय, तो एकदा उघडून बघाल का? आणि डीआरएमचा पर्याय हवाच आहे का?' मराठी लेखकाला वाचकाचं पत्र इतकं क्वचित येतं की उत्तर बहुधा येतंच.

त्या ४३ पुस्तकांची यादी मलाही पाठवा. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे लेखक असतील तर त्यांतली दोन-चार तरी माझ्या हाताखालून गेलेली असणार. त्यांच्याशी मीच बोलतो.